नीतीचा तास आणि कलम 28 : अरुणा रॉय खटल्याचा प्रकरण अभ्यास

सरकारी शाळेने मुलांना नीतिमूल्ये शिकवावीत की ते घरावर सोडावे, हा वाद पालकसभेत अजूनही रंगतो. कायद्याच्या पातळीवर मात्र तो 12 सप्टेंबर 2002 रोजी निकालात निघाला. ‘अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील मूल्यशिक्षणाला आणि धर्मांची ओळख करून देण्याला मोकळीक दिली. शिकवायचे कसे, काय शिकवायचे ते कोणी ठरवायचे आणि कुठे थांबायचे, हे प्रश्न मात्र त्या निकालानंतर शाळेच्या दारात येऊन पडले. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळा आजही रोज सकाळी परिपाठाच्या वेळी ते आपापल्या परीने सोडवत असतात, बहुतेकदा नकळत.

खटल्याआधीची चाळीस वर्षे

मूल्यशिक्षणाची मागणी एखाद्या पक्षाची किंवा एखाद्या दशकाची नव्हती. श्रीप्रकाश मुंबई राज्याचे राज्यपाल असताना, 1959 मध्ये, त्यांच्याच अध्यक्षतेखाली केंद्राने धार्मिक आणि नैतिक शिक्षणावर समिती नेमली. तिचा अहवाल 1960 मध्ये आला. पुढे कोठारी आयोगाने (1964-66) वेळापत्रकात आठवड्याला एक-दोन तास नैतिक मूल्यांसाठी राखून ठेवण्याची आणि प्राथमिक वर्गांत ते काम गोष्टींतून करण्याची शिफारस केली. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभा घटक, म्हणजे देशभरच्या अभ्यासक्रमात समान असावेत असे विषय, दिले. महाराष्ट्रात त्यांच्या जोडीला दहा मूल्ये आली : राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. डी.एड. केलेल्या कोणत्याही शिक्षकाला ही यादी तोंडपाठ असते. शाळेच्या व्हरांड्यातही ती ऑइलपेंटने रंगवलेली असते.

फेब्रुवारी 1999 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने मूल्याधिष्ठित शिक्षणावर 81 वा अहवाल मांडला. अध्यक्ष होते नांदेडचे शंकरराव चव्हाण, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री आणि काँग्रेसचे ज्येष्ठ नेते. सत्य, धर्म म्हणजे सदाचरण, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये शिक्षणाचा पाया असावीत आणि सर्व धर्मांतील समान गाभ्याची ओळख मुलांना व्हावी, असे या अहवालाने सांगितले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2000 मध्ये, मुरली मनोहर जोशी मनुष्यबळ विकास मंत्री असताना एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संशोधन संस्थेने शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा जाहीर केला आणि चव्हाण समितीचे बोट धरून ‘धर्मांविषयीचे शिक्षण’ त्यात आणले. अहवाल काँग्रेसच्या नेत्याच्या समितीचा आणि आराखडा भाजपच्या मंत्र्याच्या काळातला, हे ध्यानात ठेवले तर या वादाला पक्षीय रंग देणे किती अपुरे आहे ते दिसते.

घटना काय म्हणते

कलम 28 चे तीन थर आहेत आणि शाळा कोणत्या थरात मोडते यावर सगळे ठरते. पहिला थर पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेचा : तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. दुसरा, सरकार चालवते पण मूळ स्थापना अशा देणगीतून किंवा न्यासातून झाली आहे ज्याच्या अटींतच धार्मिक शिक्षण आहे : तिथे ही बंदी लागू नाही. तिसरा, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळा : तिथे धार्मिक शिक्षण किंवा उपासना असू शकते, पण पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला तिथे बसवता येत नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळा पहिल्या थरात आहेत, तर संस्थांच्या अनुदानित शाळा तिसऱ्या. गावात एकाच आवारात सकाळी एक आणि दुपारी दुसरी भरत असली, तरी दोघींचे नियम वेगळे आहेत.

7 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत या तरतुदीवर बोलताना डॉ. आंबेडकरांनी उदाहरण घेतले ते मुंबई महापालिकेच्या शाळेचेच. त्या शाळेत हिंदू असतील, ख्रिस्ती, पारशी, ज्यू असतील. हिंदूंमध्येही शैव, वैष्णव असे भेद असतील. मग करातून चालणाऱ्या त्या शाळेत नेमका कोणाचा धर्म शिकवायचा? त्याच चर्चेत त्यांनी आणखी एक भेद स्पष्ट केला. एखाद्या धर्माचा सिद्धांत सत्य म्हणून स्वीकारायला लावणे म्हणजे धार्मिक शिक्षण, आणि त्या धर्माचा अभ्यास करणे ही वेगळी गोष्ट. चोपन्न वर्षांनंतरचा निकालही शेवटी याच भेदावर उभा राहिला.

याचिका आणि निकाल

2002 मध्ये सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय आणि इतरांनी थेट सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मुद्दे मुख्यतः दोन. पहिला प्रक्रियेचा : आराखडा केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळासमोर ठेवला गेला नव्हता. राज्यांचे शिक्षणमंत्री आणि तज्ज्ञ एकत्र बसतात ते हे मंडळ 1935 पासून शिक्षणाच्या प्रश्नांवर सल्ला देत आले होते, पण 1994 नंतर त्याची पुनर्रचनाच झालेली नव्हती. दुसरा मुद्दा आशयाचा : धर्मांविषयीचे शिक्षण म्हणजे मागच्या दाराने धार्मिक शिक्षण, म्हणून कलम 28 चा भंग.

न्या. एम. बी. शहा, न्या. डी. एम. धर्माधिकारी आणि न्या. एच. के. सेमा यांच्या पीठाने याचिका फेटाळली. आशयाच्या मुद्द्यावर न्या. शहा यांनी चव्हाण समितीच्या अहवालाचा विस्ताराने आधार घेतला. कलम 28 मधली बंदी कर्मकांड, पूजापद्धती, आचारविधी शिकवण्यावर आहे. धर्मांचे तत्त्वज्ञान आणि त्यांतील नैतिक विचार समजून घेण्यावर नाही, असे निकालात म्हटले आहे. न्या. धर्माधिकारी यांनी सहमती देताना एक इशाराही दिला : धर्मांचा अभ्यास आणि धार्मिक शिक्षण यांमधली रेषा अतिशय बारीक आहे, म्हणून अभ्यासाच्या नावाखाली शिकवण घुसू नये याची सतत दक्षता घ्यावी लागेल. निकाल उद्धृत करणारे बहुतेक जण न्या. शहांपाशी थांबतात. शाळेला मात्र रोज लागतो तो हा इशारा.

प्रक्रियेच्या मुद्द्यावर बहुमताचे म्हणणे सरळ होते. सल्लागार मंडळ कोणत्याही कायद्याने निर्माण झालेले नाही, तेव्हा त्याचा सल्ला घेतला नाही म्हणून आराखडा रद्द होत नाही. न्या. सेमा यांनी इथे वेगळा सूर लावला. आराखडा त्यांनीही रद्द ठरवला नाही, पण मंडळावरच्या रिकाम्या जागा भरून बैठक बोलावण्याचा सरकारने विचार करावा, असे त्यांनी सांगितले. मंडळाची पुनर्रचना प्रत्यक्षात झाली ती 2004 मध्ये, सरकार बदलल्यावर. 2005 मध्ये एनसीईआरटीचा नवा आराखडाही आला.

कलम 28 बाबत न्यायालयाचा निकाल योग्य आहे. मुलांना शेजाऱ्याचा रोजा, पर्युषण किंवा बुद्धपौर्णिमा का असते हे शाळेत कळू नये, असे संविधानाने कुठेही म्हटलेले नाही. आपल्या मते निकालाची कमकुवत बाजू प्रक्रियेत आहे. गणितात चूक शिरली तर ती कोणीही दाखवून देऊ शकतो. मूल्यांच्या निवडीत मात्र ‘चूक’ म्हणजे काय हेच ठरवावे लागते, आणि ते सत्तेवर असलेल्या सरकारने एकट्याने ठरवू नये यासाठीच राज्यांची, वेगवेगळ्या विचारांच्या माणसांची बैठक लागते. दर पाच वर्षांनी मूल्यांची यादी बदलण्याची भीती याचिकाकर्त्यांना वाटत होती, ती रास्त होती.

त्या भीतीवरचा सर्वांत भक्कम उतारा पुढे संसदेनेच दिला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 29(2) मध्ये अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा, ही पहिलीच अट आहे. त्याच यादीत मुलाला भीती, दडपण, चिंता यांपासून मुक्त ठेवणे आणि मोकळेपणाने मत मांडू देणे हेही येते. म्हणजे कोणती मूल्ये, याचे उत्तर आता कायद्यात आहे : न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. आणि मूल्यशिक्षण कोणत्या पद्धतीने होऊ शकत नाही हेही त्याच कायद्यात आहे. छडीचा धाक दाखवून सुविचार पाठ करून घेणे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी घालणाऱ्या त्याच्या कलम 17 मध्ये बसत नाही.

परिपाठाची तपासणी

आता हा निकाल एका साध्या शाळेत नेऊ. पहिली ते आठवीची जिल्हा परिषद शाळा, वीस ते तीस मिनिटांचा परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका (26 जानेवारी 2020 पासून राज्यात तिच्या सामूहिक वाचनावर नव्याने भर आला), प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, शेवटी पसायदान आणि दोन मिनिटे मौन. क्रम शाळेगणिक मागेपुढे होतो, ऐवज साधारण हाच.

यातल्या प्रत्येक घटकाला तीन प्रश्न विचारावेत. इथे मुलाकडून एखादी गोष्ट सत्य म्हणून मान्य करून घेतली जाते का? त्याच्या शरीराकडून उपासनेची कृती करून घेतली जाते का? आणि त्याला किंवा त्याच्या पालकांना नको असेल तर अपमान न होता बाजूला राहता येते का?

पसायदानावर हे लावून पाहू. मराठीच्या तासाला ते तेराव्या शतकातील काव्य म्हणून वाचले, ‘खळांची व्यंकटी सांडो’ मध्ये दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा असे मागितले आहे, हे मुलांना उलगडून दाखवले, तर तो शुद्ध अभ्यास आहे आणि उत्तम मूल्यशिक्षणही आहे. तेच पसायदान मैदानावर ‘हात जोडा, डोळे मिटा, ज्याचे हात जोडलेले नाहीत त्याने पुढे या’ अशा हुकमावर म्हणवून घेतले, की शब्द तेच राहूनही कृती रेषेच्या पलीकडे जाते. अडचण होते ती प्रार्थनेला जोडलेल्या हुकमामुळे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला होता, तेव्हा 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्यावर तशी सक्ती करता येणार नाही असे म्हटले. शिक्षकावर करता येत नाही ती सक्ती आठ वर्षांच्या मुलावर करावी का?

राष्ट्रगीताबाबतचा दाखला आणखी जुना आहे. केरळमधील बिजो इमॅन्युएल प्रकरणात तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. मूल शांतपणे उभे असेल तर तेवढे पुरेसे आहे.

तांदळाचा काटा : एक पाठ जवळून

कायद्याची रेषा पाळूनही मूल्यशिक्षण पोकळ होऊ शकते आणि बहुतेक वेळा होते. त्याचे मुख्य कारण बोधकथेच्या वापरात आहे. गोष्ट संपते, गुरुजी ‘तात्पर्य काय?’ विचारतात, आणि पन्नास मुले एका सुरात ‘नेहमी खरे बोलावे’ म्हणतात. अपेक्षित उत्तर मुलांना गोष्ट सुरू होण्याआधीच ठाऊक असते, त्यामुळे विचार करण्याची गरजच पडत नाही.

त्याऐवजी शाळेतच रोज घडणारा व्यवहार पाठ म्हणून घ्यावा. शालेय पोषण आहार यासाठी सर्वांत चांगला, कारण त्यात आकडे आहेत. केंद्राच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम धान्य असते. सहावीच्या वर्गाने चार गट करावेत. एका गटाने हजेरीपटावरून आकडे आणायचे : समजा पहिली ते पाचवी 42 हजर, सहावी ते आठवी 30. दुसऱ्याने हिशेब मांडायचा : 4 किलो 200 ग्रॅम अधिक 4 किलो 500 ग्रॅम, एकूण 8 किलो 700 ग्रॅम. तिसऱ्याने स्वयंपाकी ताईंसोबत काट्यावर तांदूळ मोजायचा. चौथ्याने पंगतीत प्रत्यक्ष जेवणारी मुले मोजायची. सगळ्याला दोन तासिका पुरतात. मोजणी पहिल्या दिवशी आणि चर्चा दुसऱ्या दिवशी ठेवली तर धावपळ होत नाही.

पहिली चूक काट्यावरच होते. मुले भांड्याचे वजन वजा करायचे विसरतात आणि अर्धा-पाऊण किलोचा फरक येतो. शिक्षकाने लगेच दुरुस्त करू नये. ‘फरक कशाने आला असेल?’ एवढेच विचारावे. कोणावर संशय घेण्याआधी आपली मोजणी तपासायची, ही सवय प्रामाणिकपणाच्या दहा गोष्टींपेक्षा जास्त शिकवून जाते.

खरा पेच चौथ्या गटाच्या आकड्यात असतो. हजेरीत 72, जेवायला 69. तीन मुले दुपारी घरी गेली. मग नोंदवहीत लाभार्थी किती लिहायचे? इथे शिक्षकाने उत्तर देऊ नये. तीन मिनिटे जोडीत चर्चा, मग गटाचे मत, मग वर्गात मांडणी. ‘तीनशे ग्रॅमने काय होते?’ असे कोणीतरी म्हणतेच. त्याला गप्प न करता वर्षातल्या शाळेच्या दिवसांनी गुणायला सांगावे. 200 दिवसांचे 60 किलो फळ्यावर आले की वर्गात आपसूक शांतता पसरते आणि चर्चा पुढे सरकते.

हा पाठ बिघडतो तो दोन ठिकाणी. एक, चर्चा घसरून स्वयंपाकी ताईंवर आरोपापर्यंत जाते. म्हणून त्यांना आधी विश्वासात घ्यावे, चर्चेला बोलावावे आणि प्रश्न नोंदीबद्दल ठेवावा, माणसाबद्दल नाही. दोन, शाळेच्या स्वतःच्या नोंदीच जुळत नसतात. मग मुख्याध्यापक हा पाठ घ्यायला टाळतात. तसे असेल तर त्या शाळेत प्रामाणिकपणाची बोधकथा का लागू पडत नाही याचे कारण मिळालेच आहे. आधी नोंदवही दुरुस्त करावी.

त्याच पंगतीत समतेचाही धडा असतो. मुले कोणाशेजारी बसतात, कोण वाढते, ताटे कोण उचलते हे एक आठवडा न बोलता पाहावे. अनेक शाळांत झाडू मुलींच्या हाती आणि पाण्याच्या बादल्या मुलांच्या हाती असतात, आणि मागच्या भिंतीवर ‘स्त्री-पुरुष समानता’ लिहिलेले असते. उपाय भाषणाचा नाही, फिरत्या यादीचा आहे. हजेरी क्रमांकाने गट पाडावेत, दर सोमवारी काम बदलावे, पंगतीतली जागाही क्रमांकाने फिरवावी आणि यादी वर्गात लावावी. शिक्षकाने स्वतःचे नाव यादीत घालावे. पहिल्या पंधरवड्यात काही पालक तक्रार घेऊन येतील, ‘आमच्या मुलाला झाडायला लावता’ म्हणून. त्यांना यादी दाखवावी, त्यात सगळीच नावे असतात. प्रश्न चिघळला तर शाळा व्यवस्थापन समितीत मांडावा. कायद्याने तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, त्यामुळे असा निर्णय समितीने घेतला की तो गावाचाच होतो.

नोंदी आणि गुण

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्यासोबत वर्णनात्मक नोंदी. कल्पना चांगली होती. पण बाजारात तयार वाक्यांच्या पुस्तिका आल्या, मोबाइलवर त्यांच्या पीडीएफ फिरू लागल्या, आणि ‘वर्गात नम्रपणे वागतो’ हे एकच वाक्य अर्ध्या वर्गाच्या नावापुढे जाऊन बसले. चाळीस मुलांच्या रोजच्या वागण्याची नोंद एका शिक्षकाकडून होणे शक्य नाही, म्हणून तो नक्कल करतो. निम्मे पट आणि निम्मे कागद असते तर अनेकांनी ते मनापासून केले असते.

शक्य असलेली रीत अशी : दर आठवड्याला पाचच मुले निवडायची आणि प्रत्येकाबद्दल घडलेली एकच गोष्ट तारखेसह लिहायची. ‘सहकार्यवृत्ती आहे’ असे न लिहिता ‘12 जुलै, गटात भांडण झाले तेव्हा स्वतःची पट्टी दिली’ असे लिहायचे. आठ आठवड्यांत सगळा वर्ग पूर्ण होतो. मूल्यांना गुण किंवा श्रेणी मात्र देऊ नये. श्रेणी लागली की मुले शिक्षकासमोर चांगले वागायला शिकतात, आणि मग नोंदीत दिसते ते नाटक.

अजून उघडा असलेला प्रश्न

केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत प्रार्थनेच्या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, तेव्हा 28 जानेवारी 2019 रोजी न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. या वादाच्या सावटाखाली सरकारी शाळेने प्रार्थना बंद करण्याची गरज नाही. मुलाला बाजूला राहण्याची वाट मात्र ठेवावी. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत परिपाठाचे सर्व घटक वाचून दाखवावेत, कोणता घटक नको असल्यास पालकांनी साध्या कागदावर लिहून द्यावे असे सांगावे, आणि त्या मुलाला ओळीतून वेगळे उभे न करता जागेवरच शांत उभे राहू द्यावे. अनुदानित शाळेत कलम 28(3) मुळे संमती घेणे बंधनकारकच आहे, म्हणून तिथे हा कागद प्रवेश अर्जासोबतच घेऊन मुलाच्या फाइलला लावावा, म्हणजे वर्गशिक्षक बदलले तरी तो हाताशी राहतो.